खरोखर काम करणारी माणसं दाखवणाऱ्या सिरीज: द पिट, स्कॅम १९९२, चेर्नोबिल, पंचायत आणि बेटर कॉल सॉल

"द पिट"चा पहिला सीझन नुकताच संपवला आणि तो डोक्यातून जातच नाहीये, त्यामुळे मधल्या काळात बघितलेल्या आणि काही दुसऱ्यांदा बघितलेल्या सिरीजबद्दल एकदाच सगळं लिहून टाकते. या सगळ्यांमधे मला आवडलेली गोष्ट एकच आहे, ती म्हणजे यातली माणसं काम करतात. खरोखरचं काम. "मीटिंग आहे, निघतो" म्हणत बॅग उचलून दारातून बाहेर पडणारं नाही, तर नक्की काय करतात, कुठे अडतं, कुठे चुकतं आणि चुकलं की कोणावर येतं ते सगळं दाखवलेलं. आणि असं दाखवलं ना की त्या माणसाचा स्वभाव वेगळा सांगत बसावा लागत नाही, असं आता माझं ठाम मत झालंय.

तर आधी द पिट. पिट्सबर्गमधल्या एका मोठ्या हॉस्पिटलचं इमर्जन्सी डिपार्टमेंट, एकच दिवस, सकाळी सातला शिफ्ट सुरू होते आणि एक एपिसोड म्हणजे त्या शिफ्टचा एक तास, असे १५ एपिसोड. जानेवारी २०२५ मधे आली आणि त्याच वर्षी बेस्ट ड्रामाचं एमी (अमेरिकेतला टीव्हीचा मोठा पुरस्कार) घेऊन गेली. मुख्य डॉक्टर रॉबी म्हणजे नोआ वायली, तोच जो १९९४ ला सुरू झालेल्या "इआर"मधे शिकाऊ डॉक्टर होता, आता दाढी पिकलेली आणि डोळ्यांत झोप नसलेला सिनियर. मागे म्युझिक जवळजवळ नाहीच. फक्त मशीनचे बीप, स्ट्रेचरची चाकं आणि एकमेकांना ओरडून सांगितलेल्या औषधांची नावं. त्यातली निम्मी नावं आपल्याला कळत नाहीत आणि काही फरक पडत नाही, कारण समोरच्या डॉक्टरचा चेहरा बघून कळतं की पेशंट हातात आहे की निसटतोय.

मला सगळ्यात भिडली ती डॉ. समीरा मोहन, सुप्रिया गणेशने केलीये. ही डॉक्टर पेशंटशी बोलायला वेळ घेते, म्हणून तिला सगळे "स्लो-मो" म्हणतात, आणि रॉबीसुद्धा सारखा मागे लागलेला असतो की बाई हात जरा भराभर चालव, बाहेर वेटिंग रूम तुंबलीये. एक पेशंट येते, वेदनेने किंचाळणारी, बरोबर पोलीस, आणि आणणाऱ्यांना वाटतंय की ही नशेसाठी इंजेक्शन मागतीये. समीरा शांतपणे जवळ जाते, बोलते आणि ओळखते की हा सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचा, अटॅक आहे. आपल्याकडे गडचिरोली नंदुरबारकडे सिकलसेलचे किती पेशंट आहेत, ज्यांना हे दुखणं काय असतं ते माहितीये त्यांना हा सीन बघताना नक्की गलबलून येईल. आणि गंमत म्हणजे सिरीज समीराला सरळ बरोबर ठरवून मोकळी होत नाही. ती वेळ घेते तेव्हा बाहेर कोणीतरी तासन्‌तास ताटकळतंय, तेही दाखवते. दोन्ही बाजू खऱ्या आहेत आणि त्यांच्या मधे बसून काम करायचंय, हे असं इतकं सरळ मी दुसऱ्या कुठल्या मेडिकल सिरीजमधे बघितलं नाही.

वरच्या मजल्यावर बेड नाहीत म्हणून अॅडमिट झालेले पेशंट खालीच पडून राहतात, त्यामुळे खाली जागा नाही, त्यामुळे बाहेर गर्दी, त्यामुळे चिडलेले लोक नर्सच्या अंगावर धावून जातात, आणि इकडे अॅडमिनिस्ट्रेशनच्या मॅडम येऊन विचारतात की पेशंट समाधानी असल्याचे आकडे कमी का आले. ही सगळी साखळी भाषण न करता समोर दिसते. चार्ज नर्स डेना (कॅथरिन लानासा, हिलाही एमी मिळालं) ही तर त्या डिपार्टमेंटची खरी मालकीण. कुठल्या बेडवर कोण, कोणाचे नातेवाईक कुठे बसवलेत, कोणता शिकाऊ डॉक्टर आत्ता रडवेला झालाय, सगळं तिच्या डोक्यात.

शेवटच्या काही एपिसोडमधे एक मोठी घटना घडते आणि एकदम ढिगाने जखमी यायला लागतात, तेव्हा कॉम्प्युटर वगैरे सगळं बाजूला पडतं, हातावर रंगीत पट्ट्या लावून कोण आधी कोण नंतर ते ठरतं, रक्त कमी पडतं तर डॉक्टर स्वतःच रक्त देत देत काम करतात. ते एपिसोड एका बैठकीत बघा, मधे थांबवू नका. तक्रार एकच की एका दिवसात इतकं सगळं घडणं जरा जास्तच वाटतं, मधल्या दोनतीन तासांत श्वास घ्यायला जागा ठेवली असती तर चाललं असतं. आणि रक्त, जखमा, बाळंतपण सगळं अगदी उघडं दाखवलंय, लहान मुलांसमोर अजिबात लावू नका. सबटायटल चालू ठेवा, बोलतात फार भरभर.

आता मराठी मालिकांबद्दल थोडं बोलायलाच हवं. आमच्याकडे संध्याकाळी आई मालिका लावते, मीही जेवताना बघते, आणि त्यातल्या माणसांना एवढे मोठे बंगले, गाड्या, कंपन्या असतात पण ती कंपनी बनवते काय हे दोन वर्षं मालिका चालली तरी कळत नाही. ऑफिस म्हणजे एक काचेची केबिन आणि त्यात कोणीतरी कोणाच्या तरी सह्या फसवून घेतंय. हे असंच चालायचं असं काही नव्हतं हो. दूरदर्शनवर "दामिनी" होती, प्रतीक्षा लोणकरची पत्रकार, आणि ती खरंच बातमीच्या मागे फिरायची. १९९९ ला अल्फा मराठीवर "आभाळमाया" आली त्यातली सुधा जोशी प्राध्यापक होती आणि तिचं घर आणि तिची नोकरी ही दोन्ही ओझी एकाच खांद्यावर दिसायची. प्रेक्षकांना तेव्हा ते जड गेलं नाही, डोक्यावर घेतलं. मग आत्ताच्याच प्रेक्षकांना झेपणार नाही असं चॅनलवाल्यांना का वाटतं कळत नाही.

स्कॅम १९९२, म्हणजे शेअर दलाल हर्षद मेहताच्या घोटाळ्याची सिरीज, मी दुसऱ्यांदा बघितली. सोनी लिव्हवर ऑक्टोबर २०२० मधे आली होती, १० एपिसोड, हंसल मेहतांनी केलेली, जय मेहता सहदिग्दर्शक. पहिल्यांदा बघताना सगळ्यांसारखं मीही हर्षद झालेला प्रतीक गांधी आणि ते अचिंत ठक्करचं टायटल म्युझिक यातच रमले होते. दुसऱ्यांदा मात्र बँकेच्या सीनवर नजर गेली, कारण मी स्वतः एका सहकारी बँकेत नोकरी करते आणि बराच काळ रिकन्सिलिएशनच्या, म्हणजे खात्यांचे आकडे जुळवण्याच्या, टेबलावर बसलेय. सिरीज सुरू कशी होते आठवतंय? शारिब हाशमी स्टेट बँकेचा माणूस म्हणून टाइम्स ऑफ इंडियाच्या ऑफिसात येतो, घामाघूम, कोणाशी बोलायचं कळत नाहीये, आणि ५०० कोटींचा हिशेब लागत नाहीये हे सांगायचंय. त्याचं ते घाबरणं किती खरं आहे ते ज्याच्या वहीत कधी फरक लागलेला नाही त्याला कळायचं नाही. आपण काही केलेलं नसतं, तरी आकडा जुळत नाही म्हटलं की पोटात गोळा येतोच.

त्या काळात बँकांच्या आपापसात जे रेडी फॉरवर्ड व्यवहार चालायचे ते सिरीजने किती सोपे करून सांगितलेत बघा. एका बँकेला थोड्या दिवसांसाठी पैसे हवेत, तिच्याकडे सरकारी रोखे आहेत, ती ते दुसऱ्या बँकेला विकते आणि ठरलेल्या तारखेला ठरलेल्या भावाने परत घेते. वरून खरेदी-विक्री, आतून तारण ठेवून घेतलेलं कर्जच. आता रोखे प्रत्यक्ष हलवायला वेळ लागतो म्हणून विकणारी बँक नुसती एक पावती देते, बँक रिसीट, सगळे बीआर म्हणायचे. मधे ब्रोकर. हळूहळू चेक थेट बँकेच्या ऐवजी ब्रोकरच्या खात्यातून फिरायला लागले, आणि ते पैसे मधल्या काळात शेअर बाजारात. आणि मग पुढची पायरी म्हणजे रोखेच नाहीत आणि पावती मात्र आहे. खऱ्या प्रकरणात अशा पोकळ बीआर देणाऱ्यांमधे आपली बँक ऑफ कराड होती, मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक होती. कराडची छोटी बँक, तिच्या कागदावर विश्वास ठेवून मोठमोठ्या बँकांनी कोट्यवधी सोडले. ती बँक पुढे बुडाली आणि कारभार बँक ऑफ इंडियाकडे गेला. सातारा सांगलीकडच्या जुन्या लोकांना अजून आठवत असेल, त्यांच्या ठेवी होत्या त्यात.

एसीसीचा शेअर २०० वरून ९००० पर्यंत गेला वगैरे सगळ्यांना पाठ आहे, पण हे मागचं कागदी काम जर नीट दाखवलं नसतं तर हर्षद मेहता हा नुसता डायलॉग मारणारा हिरो उरला असता. दलाल स्ट्रीटच्या रिंगमधले सीनही असेच. तेव्हा कॉम्प्युटरवर ट्रेडिंग नव्हतं, बॉम्बे स्टॉक एक्स्चेंजमधे ते १९९५ ला आलं, त्याआधी सगळं ओरडून आणि हाताच्या खुणांनी. त्या रिंगमधे जॉबर म्हणून, म्हणजे ब्रोकरसाठी ओरडून सौदे करायला, उभा राहिलेला पोरगा गर्दीत भाव कसा ऐकतो, कोणाकडे बघतो, कधी गप्प बसतो, हे दाखवलंय म्हणून त्याची हुशारी पटते. श्रेया धन्वंतरीची पत्रकार सुचेता दलालही तशीच. २३ एप्रिल १९९२ ला बातमी छापून येते त्याच्या आधी किती फोन, किती पायऱ्या, किती लोकांनी "नंतर या" म्हणून घालवलेलं, ते सगळं दिसतं.

एवढं आवडून सुद्धा सांगते की शेवटचे दोन एपिसोड सैल आहेत आणि सिरीजचा जीव हर्षदमधे जरा जास्तच गुंतलाय. ज्यांचे पैसे गेले ते लोक फार कमी वेळ दिसतात. बाजार पडल्यावर ज्यांनी सर्टिफिकेटचे गठ्ठे घेऊन घरी बसायची वेळ आली त्यातलं एखादं कुटुंब नीट दाखवायला हवं होतं.

चेर्नोबिल २०१९ ची आहे, फक्त ५ एपिसोड, आणि मी ओळखीतल्या ज्यांना ज्यांना बघायला लावली त्यांनी दोन दिवसांत संपवली. २६ एप्रिल १९८६, रात्री १ वाजून २३ मिनिटं, सोव्हिएत युनियनमधल्या चेर्नोबिलची चार नंबरची अणुभट्टी. स्फोट पहिल्याच एपिसोडमधे होतो, त्यामुळे काय झालं हा प्रश्नच नाही, का झालं हा आहे, आणि त्याचं उत्तर पाचव्या एपिसोडपर्यंत राखून ठेवलंय. सुरुवातीलाच एक जागा आहे ती बघाच. रेडिएशन किती आहे विचारल्यावर उत्तर येतं ३.६ रॉंटजेन, आणि सगळे जरा निवांत होतात. पण हातातलं मीटर ३.६ च्या पुढे मोजतच नाही! मोठं मीटर चालू केलं तर जळून गेलं. म्हणजे आकडा खरा आहे पण तो मीटरचा आकडा आहे, रेडिएशनचा नाही, आणि तोच आकडा वर वर कळवला जातो कारण वरच्यांना तो आवडतो. ज्याने ज्याने कधी सरकारी रिपोर्ट भरलाय त्याने हा सीन बघून गप्पच व्हावं.

आणि मग पाचवा एपिसोड. कोर्टात शास्त्रज्ञ लेगासोव (जॅरेड हॅरिस) लाल आणि निळ्या पाट्या घेऊन उभा राहतो. लाल म्हणजे भट्टीची ताकद वाढवणारी गोष्ट, निळी म्हणजे कमी करणारी. एक लाल लावली की एक निळी. पाणी, वाफ, तापमान, झेनॉन वायू, कंट्रोल रॉड (भट्टीत आतबाहेर करून ताकद आवरायच्या दांड्या), एकेक पाटी लावत काढत जातो आणि अणुशास्त्राचा अ माहीत नसलेल्या माणसाला सुद्धा दिसायला लागतं की निळ्या पाट्या संपत चालल्यात. त्या दिवशी भट्टीची एक सुरक्षा टेस्ट होती, ती दिवसा व्हायची होती, कीवला वीज हवी म्हणून १० तास पुढे ढकलली, त्यामुळे ती रात्रपाळीच्या गळ्यात पडली, आणि रात्रपाळीला त्याची तयारीच नव्हती. कंट्रोल बोर्डावर २५ वर्षांचा तोपतुनोव, नोकरीला लागून काही महिने झालेले. ताकद ७०० मेगावॅटला धरायची ती ३० वर घसरली, ती परत वर आणायला रॉड बाहेर काढत गेले, शेवटी २११ पैकी ६ आत. मग इमर्जन्सीचं बटण दाबलं तर रॉडच्या टोकाला ग्राफाइट, जे आधी ताकद वाढवतं. थांबवायचं बटणच घात करतं. मला फिजिक्स दहावीनंतर सुटलं, पण हे मी आता कुणालाही समजावून सांगू शकते, यातच त्या लेखकाचं, क्रेग मेझिनचं, यश आलं.

खरं काय आणि रचलेलं काय हेही माहीत असू द्या. लेगासोव प्रत्यक्षात त्या खटल्यात हजर नव्हता. एमिली वॉटसनची खोम्युक नावाची शास्त्रज्ञ खरी व्यक्ती नाही, त्याच्याबरोबर काम केलेल्या अनेक शास्त्रज्ञांची मिळून एक बाई केलीये, आणि हे ते स्वतःच शेवटी लिहून सांगतात. मला ते चाललं. त्या रात्री टेस्ट करून घेणाऱ्या डायटलोवला मात्र एकदम खलनायक करून टाकलंय, पॉल रिटरने काम जबरदस्त केलंय तरी माणूस एकाच रंगात रंगवल्यासारखा वाटतो. चौथ्या एपिसोडमधे गच्चीवरचा ग्राफाइट फावड्याने खाली टाकायला माणसं पाठवतात, कारण यंत्रं तिथे बंद पडली, आणि एकेकाला फक्त ९० सेकंद. कॅमेरा एका पोराच्या मागे मागे जातो, न थांबता, त्याचे जड बूट, मास्कमधला श्वास, मीटरची कटकट, पाय अडकतो. त्याच एपिसोडमधे गावात मागे राहिलेल्या कुत्र्या-मांजरांना मारायला पाठवलेल्या पोरांचीही गोष्ट आहे. घरी कुत्रं असेल तर तो भाग आधी माहीत असलेला बरा.

पंचायतबद्दल नवीन काय सांगायचं, घराघरात बघितलीये. पण पहिला सीझन (एप्रिल २०२०) इतका का जमला होता ते माझ्या मते कामामुळेच. दुसराच एपिसोड घ्या ना. गावाला सोलरचे दिवे आलेत, कुठे लावायचे त्याची मीटिंग, आणि प्रत्येक सदस्य आपल्याच दारासमोर मागतो. एक उरतो तो गावाबाहेरच्या भुताच्या झाडापाशी लावायचं ठरतं, आणि सचिवजींना, म्हणजे शहरातून आलेल्या पंचायत सचिवाला, तो हवाय ऑफिसपाशी कारण रात्री कॅटचा (एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा) अभ्यास करायचाय. बस्स, एवढाच विषय आणि अख्खा एपिसोड उभा. ज्यांनी ग्रामसभा जवळून बघितलीये ते हसतील ते ओळखीचं हसतील. आणि प्रधानपती, म्हणजे प्रधान बायको पण कारभार नवऱ्याचा! बलियाच्या फुलेराची गोष्ट असली तरी आपल्याकडे सरपंचपती काही कमी नाहीत. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींमधे महिलांना ५० टक्के आरक्षण आहे आणि तरी किती गावात फोन केला की "साहेबांशी बोला" म्हणतात. नीना गुप्तांची मंजूदेवी पहिल्या सीझनच्या शेवटी झेंडावंदनासाठी राष्ट्रगीत पाठ करते तो भाग म्हणूनच नुसता गोड राहत नाही, आपल्याला तो लागतो.

तिसऱ्या सीझनमधे (मे २०२४) घरकुल मिळावं म्हणून धडपडणाऱ्या म्हातारीची जी गोष्ट आहे ती मला आख्ख्या सीझनमधली सगळ्यात चांगली वाटली. नियमात बसत नाही, गरज दिसतेय, सही सचिवाची. बाकी सीझन आमदार, कबूतर आणि गोळीबार यातच गेला. चौथा (जून २०२५) म्हणजे तर सबंध निवडणूक, दुधी विरुद्ध प्रेशर कुकर, आणि ऑफिसात काम असं काही उरलंच नाही. फैसल मलिकचा प्रह्लाद अजूनही रडवतो, दुर्गेश कुमारचा बनराकस चोख, पण सचिवजी नक्की काय करतात हे शेवटचं कधी दिसलं आठवत नाही. पुढचा सीझन येईल तेव्हा त्याला परत रजिस्टर घेऊन बसवा, एवढंच म्हणणं.

मराठीत बघायचं असेल तर "मानवत मर्डर्स" बघा, सोनी लिव्हवरच आहे, ऑक्टोबर २०२४, आशिष बेंडेने केलीये. परभणी जिल्ह्यातल्या मानवतला १९७२ ते ७४ मधे झालेल्या खुनांचा तपास. मुंबईहून गेलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी म्हणजे आशुतोष गोवारीकर; या कुलकर्णींनी आधी रामन राघव या खुन्याचं प्रकरणही हाताळलं होतं. गोवारीकर आवाज चढवत नाहीत, टेबलावर हात आपटत नाहीत, समोरच्याला बोलू देतात. मकरंद अनासपुरेला इतका गंभीर मी कधी बघितला नव्हता. सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकरही आहेत आणि दोघी उत्तम. तपासाचे भाग जिथे आहेत तिथे पकड घट्ट आहे, अंधश्रद्धेचे भयानक भाग थोडे कमी दाखवून पोलिसांची रोजची पायपीट अजून दाखवली असती तर मला जास्त आवडलं असतं. पण मराठीत असं होतंय हेच आधी पाहिजे, आणि प्रेक्षकांनी बघितलं तरच पुढचं होणार.

"द बेअर" अर्धी आवडली. शिकागोतलं सँडविचचं दुकान आणि त्याचं स्वयंपाकघर. पहिल्या सीझनचा सातवा एपिसोड जवळजवळ वीस मिनिटं एका सलग शॉटमधे, आणि दुसऱ्या सीझनमधे रिची एका मोठ्या रेस्टॉरंटमधे जाऊन काटे-चमचे पुसायला शिकतो तो एपिसोड, हे दोन जरूर बघा. तिसऱ्या सीझनपासून स्वयंपाक कमी आणि उसासे जास्त. मी तिथेच सोडली.

आणि आता बेटर कॉल सॉल. २०१५ ते २०२२, ६ सीझन, ६३ एपिसोड, नेटफ्लिक्सवर आहे. ही हळू चालते म्हणून अर्धवट सोडणारे खूप लोक भेटतात आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटतं. जिमी हा आधी भावाच्या मोठ्या लॉ फर्ममधे टपाल वाटणारा, मग गुपचूप शिकून वकील झालेला. पहिल्या सीझनमधे त्याला संशय येतो की एक वृद्धाश्रम म्हाताऱ्यांकडून सामानाचे जादा पैसे उकळतोय, तर तो रात्री त्यांच्या कचऱ्याच्या पेटीत उतरतो, मशीनमधून कापलेल्या कागदाच्या पट्ट्यांच्या पिशव्या घरी आणतो आणि बसून एकेक पट्टी जुळवत जातो. त्याचा भाऊ चक, नामांकित वकील, आजारपणामुळे घरात कोंडून घेतलेला, तोही हळूच त्या पट्ट्यांपाशी येऊन बसतो, आणि त्याच्या डोळ्यात कामाची चमक येते. दोघं भाऊ त्या क्षणी किती जवळ आहेत! पुढे या दोघांमधे जे होतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना हा सीन आठवून त्रास होतो.

पुढे जिमी एका बँकेच्या अर्जातला पत्ता बदलतो, १२६१ चं १२१६. रात्रभर झेरॉक्सच्या दुकानात बसून कात्री आणि गोंदाने. बस, एवढे दोन आकडे इकडचे तिकडे. आणि एका माणसाची आयुष्यभराची अचूकतेची प्रतिष्ठा तेवढ्याने मोडते. बँकेत काम करणारी म्हणून सांगते, मला खुनाच्या सीनपेक्षा या सीनची जास्त भीती वाटली. सिरीजमधला दुसरा महत्त्वाचा माणूस, माजी पोलीस माईक, त्याचंही तसंच. गाडीत कोणीतरी ट्रॅकर लावलाय हे कळल्यावर तो भंगारवाल्याकडे जाऊन अख्खी गाडी खोलतो, सीट, दरवाजे, टायर सगळं, एक शब्द न बोलता, आणि शेवटी तो सापडतो पेट्रोलच्या टाकीच्या झाकणात. इतर कुठल्याही सिरीजने हे अर्ध्या मिनिटात उरकलं असतं. इथे आपण त्याच्याबरोबर बसून शोधतो, म्हणून सापडल्यावर आपल्यालाच सापडल्यासारखं होतं.

त्याच फर्ममधली वकील किम वेक्सलर म्हणजे रिया सीहॉर्न ही माझी सगळ्यात लाडकी. दुसऱ्या सीझनमधे तिला शिक्षा म्हणून तळघरात कागद तपासायच्या कामाला बसवतात. ती रडत नाही, भांडत नाही. दुपारच्या सुट्टीत जिन्यात उभी राहून जुन्या ओळखींना फोन लावत राहते, रंगीत चिकटपट्ट्यांवर नावं, एकेक नाव खोडत, दिवसामागून दिवस, नाही, नाही, नाही, आणि मग एक दिवस एक मोठी बँक तिच्यामुळे फर्मकडे येते. आणि श्रेय दुसऱ्याच्या खात्यात जमा. ऑफिसात हे कोणाकोणाबरोबर झालंय त्यांनी हात वर करा, एवढंच म्हणते. या सिरीजला सगळी मिळून ५३ एमी नामांकनं होती आणि एकही मिळालं नाही, आणि मला त्याचा अजून राग आहे, निदान रियाला तरी द्यायला हवं होतं.

बघायची असेल तर पहिला सीझन पूर्ण होईपर्यंत धीर धरा आणि मोबाईल बाजूला ठेवा, कारण निम्म्या गोष्टी बोलून सांगत नाहीत, हातातून दाखवतात. शेवटच्या सीझनच्या आधी "ब्रेकिंग बॅड" (ही सिरीज त्याच्याच आधीची गोष्ट सांगते) बघितलेलं असेल तर बरं, सुरुवातीच्या सीझनसाठी तशी काही गरज नाही.